स्वस्त शहर नेमकं कुणाला स्वस्त?

ज्यांना कानात हेडफोन घालायला वेळ नाही, त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना जे इकडंतिकडं भटकलो, ते थोडं आवरून घेतलंय.

सुरुवात माझ्या लॅपटॉपवरच्या एका एक्सेल शीटपासून करतो. मी हिंगोली जिल्ह्यातला, सेनगाव तालुक्यातला. बीटेक झालं, पुण्यात पाच वर्षं कोड लिहिला आणि आता पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरातल्या एका कंपनीची ऑफर हातात आहे. शीटमध्ये एका बाजूला पगार, दुसऱ्या बाजूला भाडं, किराणा, ट्रामचा पास. सगळे यूट्यूबवाले सांगतात की लंडन नको, म्युनिक नको, पूर्व युरोप धर, स्वस्त आहे. शीटही तेच म्हणत होतं.

मग मी ते अण्णांना, म्हणजे वडिलांना दाखवलं. आमची सहा एकर, त्यात हळद. अण्णांनी मोबाइलवरचे आकडे दोन बोटांनी मोठे करून पाहिले आणि विचारलं, "तिकडं सगळं स्वस्त हाये म्हनतोस, पन ते कोनाला स्वस्त? आपली हळद स्वस्त झाली की पुन्याचे लोक खूश होतात. आपन होतो का?"

मला उत्तर आलं नाही. म्हणून हा भाग.

आता थोडं मागे जाऊ. 1948 पर्यंत आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचं चलन वेगळं होतं, हाली शिक्का. ब्रिटिशांच्या रुपयाला आपल्याकडं कलदार म्हणायचे. 100 कलदारांना साधारण 116-117 हाली पडायचे. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड लागायचं, तिथं कलदार चालायचा. आजोबा सांगायचे की त्यांचे वडील वाशीमच्या बाजारात बैल विकायला जायचे, तेव्हा हिशोब दोनदा करायचे, एकदा कलदारात, एकदा हालीत. म्हणजे एक्सचेंज रेट नावाची भानगड माझ्या पणजोबांना माझ्याआधीच कळली होती, तीसुद्धा पासपोर्ट न काढता.

स्वस्त युरोपची सगळ्यात मोठी गोष्ट घडली 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला, जर्मनीत. पहिल्या महायुद्धाआधी एका डॉलरला 4.2 मार्क मिळायचे. 1922 च्या जानेवारीत सुमारे 190. आणि 1923 च्या नोव्हेंबरात? 4 लाख 20 हजार कोटी! हो, बरोबर वाचलंत. सरकार युद्धाचं कर्ज आणि नुकसानभरपाई यांच्या ओझ्याखाली नोटा छापत राहिलं आणि मार्कचा कागद झाला.

ज्याच्या खिशात पौंड किंवा डॉलर, त्याला बर्लिन म्हणजे सेल लागलेला मॉल. परदेशी माणसं यायची, उत्तम हॉटेलात राहायची, कॅमेरे, पियानो, अख्ख्या इमारती घ्यायची. याच काळात बरेच भारतीय विद्यार्थीही लंडन सोडून जर्मनीकडं वळले. आणि स्थानिक? आयुष्यभराच्या बचतीत पाव येईना. पेन्शनवर जगणारे म्हातारे घरातलं सामान विकायला काढत होते. राग इतका की काही हॉटेलं आणि थिएटरं परदेशी माणसाकडून जादा दर घेऊ लागली. आणि गंमत बघा, व्रोत्सवाफ तेव्हा जर्मनीतच होतं. नाव ब्रेस्लाव, चलन तेच मार्क.

बरोबर याच वर्षांत आपला एक माणूस युरोपात होता आणि तो नेमका या विषयावरच अभ्यास करत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

कोलंबियाहून परतल्यावर त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली. पैसे साठवले, मित्र नवल भथेनांकडून कर्ज घेतलं, शाहू महाराजांची मदत मिळाली आणि 1920 च्या जुलैत अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला ते लंडनला निघाले. आता वेळ बघा. 1920 च्या सुरुवातीला रुपया इतका चढला होता की सुमारे 7 रुपयांत एक पौंड यायचा. मग घसरण सुरू झाली. 1921 मध्ये त्याच पौंडाला 15-16 रुपये मोजावे लागत होते. म्हणजे रुपयात आखलेलं बजेट तुम्ही एक पैसा उधळला नाही तरी आटत जाणार.

त्यांचे ते दिवस अनेकांना माहीत आहेत. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात, रात्री खोलीवर परत अभ्यास, आणि मध्यरात्री भूक लागली की भाजलेले पापड. 1921 च्या सप्टेंबरात त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून 200 पौंडांचं कर्ज मागितलं. त्याच वर्षी त्यांनी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही नाव नोंदवलं होतं, पण तिथलं शिक्षण पुढं गेलं नाही. लंडनचा प्रबंध हेच मुख्य काम राहिलं.

आणि प्रबंधाचा विषय? रुपयाच. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी', 1923 मध्ये पुस्तक म्हणून आला. मी तो वाचायला घेतला तेव्हा वाटलं होतं, अर्थशास्त्र आहे, झोप येईल. पण त्यात एक मुद्दा आहे तो थेट अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर आहे. तेव्हा बरेच जण म्हणायचे की रुपया स्वस्त झाला तर देशाचा फायदा, कारण निर्यात वाढते. बाबासाहेब म्हणतात, नीट बघा, हा फायदा परदेशातून येत नाही. महागाई वाढते, पण मजुरी त्या वेगानं वाढत नाही. म्हणजे निर्यातदाराच्या खिशात जे जातं, ते देशातल्याच मजुराच्या खिशातून निघालेलं असतं. एका वर्गाचा नफा म्हणजे दुसऱ्या वर्गाचा तोटा.

मंडळी, हे वाचून मी शीट बंद केलं. स्वस्ताई हा शहराचा गुण नाही. दोन चलनांमधलं, दोन पगारांमधलं ते अंतर आहे. आणि त्या अंतराचं बिल कुणीतरी भरत असतं.

अजून एक गोष्ट, मग थांबतो. जर्मनीचा हा सेल फार काळ टिकला नाही. 1923 च्या शेवटी नवं चलन आलं, मार्क सावरला आणि स्वस्तात राहणाऱ्या पाहुण्यांचे दिवस संपले. इरावती कर्वे 1928 मध्ये बर्लिनला मानववंशशास्त्र शिकायला गेल्या, त्या सेलनंतरच्या जर्मनीत. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा या जाण्याला विरोध होता. पैसे उभे राहिले ते जीवराज मेहतांनी दिलेल्या कर्जातून. तिथं त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठतेचा सिद्धांत मांडणारे, ज्यांचे विचार पुढं नाझींना उपयोगी पडले. त्यांनी इरावतीबाईंना माणसांच्या कवट्या मोजायचं काम दिलं. युरोपियनांच्या कवटीची ठेवण वेगळी, म्हणून बुद्धीही वरची, असं काहीतरी निघेल ही अपेक्षा. बाईंनी मोजलं आणि लिहिलं की वंशानुसार असा फरक दिसत नाही. परक्या शहरात, कर्जाच्या पैशावर राहून, आपल्या गाइडच्या मताविरुद्ध! मला ऑफिसच्या कॉलमध्ये मॅनेजरला "हे चुकतंय" म्हणताना घाम फुटतो.

यूट्यूबवरच्या 'महिन्याचा खर्च किती' छाप व्हिडिओंत हे येत नाही. ते शहर आपल्याला किती स्वस्त पडेल एवढंच सांगतात. आपण तिथं काय करायला चाललोय, हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

आता माझं काय? व्रोत्सवाफ 1945 नंतर पोलंडमध्ये आलं. जवळजवळ सगळ्या जर्मन रहिवाशांना जावं लागलं आणि त्यांच्या घरांत पूर्वेकडून उठून आलेले पोलिश लोक राहायला आले. म्हणजे तिथल्या बहुतेकांचे आजी-आजोबा बाहेरूनच आलेले. आज माझ्यासारखे आयटीवाले जातायत, भाडी चढतायत, आणि तिथल्या शिक्षकाला किंवा ट्राम चालवणाऱ्याला तेच शहर दरवर्षी थोडं महाग होतंय. पुण्यात हिंजवडी-वाकडला आपण हेच केलं, फक्त विमानाऐवजी ट्रॅव्हल्सनं आलो.

जायचं नाही असं मी म्हणत नाही. जाणार आहे. पण एक बदल केलाय. तिकीट, डिपॉझिट आणि पहिल्या दोन महिन्यांच्या खर्चासाठी अण्णा घरात साठवलेली हळद विकायला निघाले होते. भाव पडलेला, तरी. "पोराचं काम अडू नये," म्हणाले. मला स्वस्तात राहता यावं म्हणून त्यांनी स्वस्तात विकायचं! मी कंपनीला मेल टाकून जॉइनिंग चार महिने पुढं ढकलून मागितलं. त्यांनी तीन दिले. तेवढ्यात माझ्या पगारातून बरंचसं जमेल. हळद कोठीतच राहील, मोंढ्यात भाव येईपर्यंत.

शीटमध्ये आता एक नवा कॉलम आहे. त्याचं नाव 'कुणाला?' प्रत्येक स्वस्त आकड्यापुढं मी तो भरायचा प्रयत्न करतो. अर्धे रकाने अजून रिकामे आहेत. तिथं गेल्यावर, पोलिश शिकल्यावर, शेजाऱ्यांशी बोलल्यावर भरतील बहुतेक.

तुमच्या घरात कुणी हाली शिक्क्याचे हिशोब सांगणारं असेल, तर मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. ती माणसं आता थोडीच उरलीत. भेटू पुढच्या भागात. तो बहुधा पुण्यातूनच असेल. त्याच्या पुढचा मात्र थंडीत कुडकुडत!