जोगलटेंभीची चांदी

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधला एक ग्रीक व्यापारी तांबड्या समुद्रातून निघून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आला आणि धंद्यातल्या लोकांच्या उपयोगासाठी त्याने सगळं लिहून ठेवलं. त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. त्याच्या पुस्तकाला ‘पेरिप्लस ऑफ द इरिथ्रियन सी’ म्हणतात. भडोच बंदरात काय खपतं याची यादी त्यात आहे: इटलीची दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच. राजासाठी चांदीची भांडी, गाणारी मुलं, उंची दारू. रोमन सोन्याचांदीची नाणी घेऊन या, इथल्या नाण्यांशी बदलताना नफा होतो, हेही तो सांगतो. आणि मग जाता जाता लिहितो, की भडोचच्या बाजारात अजून जुने द्रम्म चालतात, त्यांवर ग्रीक अक्षरं आहेत आणि अलेक्झांडरनंतरच्या अपोलोडोटस आणि मिनँडर या राजांची चिन्हं आहेत.

मिनँडर तोपर्यंत दोनशे वर्षांच्या जवळपास जुना झाला होता. मालाचे भाव पाहायला आलेला हा माणूस हातातलं नाणं उलटून त्यावरची अक्षरं वाचतो, राजाचं नाव ओळखतो आणि ते टिपून ठेवतो. नाण्यांच्या माझ्या छंदात मला या माणसाइतकं जवळचं कुणी वाटत नाही. मी बँकेत रोखपाल होते. नोटा आणि नाणी मोजण्यात माझं आयुष्य गेलं, आणि मोजता मोजता नाण्यावर काय लिहिलंय ते वाचायची सवय लागली. नाशिकच्या सराफ बाजारातून आणि झारेकऱ्यांकडून पश्चिम भारतात राज्य केलेल्या क्षत्रप राजांची चांदीची नाणी जमवायला लागले ती त्याच सवयीतून. नाण्यांच्या जोडीने पुस्तकं आली. पेरिप्लसचं मॅक्रिंडलने 1879 साली केलेलं भाषांतर, मग शॉफचं 1912चं, मग कॅसनचं 1989चं. रॅप्सनची 1908ची नाण्यांची सूची. मिराशींचं ‘सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप’. माझ्या कपाटात नाण्यांचा ट्रे आणि ही पुस्तकं एकाच फळीवर आहेत, आणि तसंच असावं असं माझं ठाम मत आहे. ट्रे बँकेच्या लॉकरमध्ये आणि पुस्तकं घरी, अशी वाटणी करणारे पुष्कळ जण मी पाहिलेत. त्यांना आपल्या नाण्याचं वजन आणि आजचा भाव तोंडपाठ असतो, राजा कोण ते मात्र विचारावं लागतं.

पेरिप्लसमध्ये भडोचच्या मुलखाचा राजा म्हणून एक नाव येतं. त्याची जी जुनी प्रत टिकली ती दहाव्या शतकातली, हायडेलबर्गला आहे. नकलाकाराने तिथे काहीतरी ‘मांबरोस’सारखं लिहिलंय. अभ्यासकांनी ते दुरुस्त करून ‘मांबानोस’ वाचलं, आणि तो आपला क्षत्रप राजा नहपान असावा असं बऱ्याच जणांनी मानलं. नुसत्या पुस्तकावर हा शोध तिथेच थांबला असता, एका परक्या लिपीतल्या चुकलेल्या नावापाशी. नहपान हा हाडामांसाचा राजा आहे आणि त्याची सत्ता आपल्या भागात होती, हे पक्कं केलं ते नाण्यांनी आणि लेण्यांतल्या लेखांनी.

नहपानाचं नाणं हातावर घेतलं तर नखापेक्षा थोडं मोठं, दोन ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला उजवीकडे तोंड केलेला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. लिप्या तीन: ब्राह्मी, खरोष्ठी आणि ग्रीक. ब्राह्मीत लिहिलंय ‘राञो क्षहरातस नहपानस’, म्हणजे क्षहरात वंशातल्या राजा नहपानाचं. भिंगाखाली ग्रीक अक्षरं एकेक करून लावली की कळतं, तिथेही भाषा ग्रीक नाहीच. तेच प्राकृत शब्द ग्रीक अक्षरांत कोरलेत. त्याच्या टांकसाळीत ग्रीक अक्षरं येणारा, निदान त्यांची नक्कल नीट करणारा, कुणीतरी बसला होता. पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर ती अक्षरं बिघडत बिघडत नुसती नक्षी होतात. दहा-बारा नाणी काळाच्या क्रमाने ओळीत ठेवली की ग्रीक अक्षरओळख कशी विसरली गेली ते डोळ्यांना दिसतं. हे कुठल्याही पुस्तकात वाचून इतकं पटत नाही.

1906 साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला या नाण्यांचा साठा सापडला. 13,000हून अधिक चांदीची नाणी, सगळी नहपानाची. त्यांतल्या 9,000हून अधिक नाण्यांवर त्याला जिंकणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता: एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, आणि त्याचं नाव. कित्येक नाण्यांवर डोंगराच्या आडून नहपानाचं नाक डोकावतं, एखादं ग्रीक अक्षर उरलेलं दिसतं. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी हा साठा तपासून 1908 साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्याचं वर्णन छापलं. मुखवटे एका माणसाचे वाटत नाहीत, कुणी तरुण तर कुणी म्हातारा, कुणाचं नाक सरळ तर कुणाचं बाकदार, हेही त्यांनी नोंदवलं. त्यावरून नहपानाच्या नावाने त्याच्या घराण्यातल्या अनेकांनी नाणी पाडली असावीत असा त्यांचा कयास होता. मला रोमन नाण्यांवरचे चेहरे पाहून केलेली कारागिरांची नक्कल जास्त संभवनीय वाटते.

स्कॉट यांचा मला फार आदर वाटतो तो त्यांनी नाणी मोजली म्हणून. साठा सापडला की त्यातली चांगली नाणी आधी उचलली जातात, उरलेली चांदी मोडीत जाते. मग नाणी राहतात, पण प्रमाण कायमचं जातं. इथे प्रमाण कळलं, म्हणून जिंकलेल्या राजाने काय केलं ते कळलं. रोखपाल म्हणून मला गौतमीपुत्राचा निर्णय अगदी समजतो. त्याने शत्रूचा पैसा बाद केला नाही, आटवण्यात वेळ घालवला नाही. चांदी तीच, वजन तेच, लोकांच्या हातातला पैसा हातातच राहिला आणि प्रत्येक देवघेवीत नव्या राजाचं नाव वाचलं गेलं.

त्याच पैशाचा हिशेब नाशिकच्या पांडवलेण्यात भिंतीवर कोरलेला आहे. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने 3,000 कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले: 2,000 एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, 1,000 दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या व्याजातून वीस भिक्खूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी. हिशेब करून पाहावा: 2,000 वर महिना 20, वर्षाला 240, आणि वीस गुणिले बारा म्हणजे 240. पैचा फरक नाही. एके ठिकाणी 70,000 कार्षापण म्हणजे 2,000 सुवर्ण असंही दिलंय, म्हणजे एका सुवर्णाला 35. हे कार्षापण म्हणजे नहपानाची चांदीची नाणीच, असं बरेच अभ्यासक मानतात, आणि मलाही तेच पटतं.

तिसऱ्या लेण्यात दुसरी बाजू आहे. गौतमीपुत्राने आपल्या अठराव्या वर्षी भिक्खूंना एक शेत दिलं, जे आधी उषवदाताच्या ताब्यात होतं. त्याची आई गौतमी बलश्री हिच्या लेखात मुलाने क्षहरात वंश निर्मूळ केला असं म्हटलंय. जोगलटेंभीची नाणी आणि हा लेख एकाच युद्धाचे साक्षी आहेत.

राहतो प्रश्न काळाचा. नहपानाच्या काळातले लेख 41 ते 46 अशी वर्षं देतात. जुने अभ्यासक ती शकाची मानत, म्हणजे इसवी सन 119 ते 124. पेरिप्लस मात्र नाबातियन लोकांच्या मालिकस राजाचा उल्लेख करतो, आणि तो राजा आहे इसवी सन 40 ते 70 या काळातला. मांबानोस जर नहपान असेल, तर नहपानही तेवढा मागे जातो आणि ती वर्षं शकाची राहत नाहीत. नाबातियनांच्या पेत्राचा एक राजा आणि नाशिकचा एक लेख असे एकमेकांना बांधले जातात.

जुन्नरच्या बाजूला क्षहरात संपले तरी क्षत्रप संपले नाहीत. चष्टनाचा वंश उज्जैनला राहिला. टॉलेमीच्या भूगोलात पैठणचा राजा सिरिपोलेमायोस आणि उज्जैनचा तियास्तानेस असे दोघे येतात: आपला पुळुमावी, गौतमीपुत्राचा मुलगा, आणि हा चष्टन. चष्टनाच्या वंशजांची नाणी जमवणाऱ्याला मोठी देणगी आहे. राजाच्या डोक्यामागे ब्राह्मी आकड्यांत शक वर्ष कोरलेलं असतं. झिजलेल्या नाण्यावर शेकड्याचा आकडा शाबूत आणि एकंचा गेलेला असला, की बापाच्या आणि मुलाच्या नाण्यांतून कुठलं ते ठरवण्यात संध्याकाळ जाते. रॅप्सनची सूची तेव्हा उघडीच असते. तिच्यामागे पंडित भगवानलाल इंद्रजींचं काम आहे. जुनागढचे हे गृहस्थ भाऊ दाजींच्या हाताखाली तयार झाले. 1888 साली वारले तेव्हा आपली नाणी ब्रिटिश म्युझियमला देऊन गेले, आणि क्षत्रपांवरचा त्यांचा लेख रॅप्सननेच संपादून 1890 साली प्रसिद्ध केला.

आणि पुळुमावीने काय केलं? ज्या घराण्याचे चेहरे त्याच्या बापाने ठशाखाली दाबले, त्याच घराण्याच्या पद्धतीची नाणी त्याने पाडली: चांदीची, एका बाजूला स्वतःचा मुखवटा, भोवती आपलं नाव. ग्रीक अक्षरं मात्र घेतली नाहीत. एका बाजूला प्राकृत आहे, दुसऱ्या बाजूला दक्षिणेकडची द्राविडी भाषा.