तुपाला लोंबणारा जंतू

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकात प्लेगचा धडा काढला की 'घी ब्रॉथ' हा शब्द भेटतो. ब्रॉथ म्हणजे मांसाचा निवळ रस्सा. घी म्हणजे आपलं साधं तूप. जंतूंच्या रश्श्यात ते पडलं भायखळ्याला.

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागातले रोगी पाहून डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचं निदान केलं. ऑक्टोबरात जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन शहरात आले आणि भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगच्या लसीच्या कामाला लागले. मारलेल्या जंतूंची लस करायची, तर आधी जिवंत जंतूंचं भरघोस पीक हवं. गाईचं किंवा डुकराचं मांस इथे चाललं नसतं, म्हणून रस्सा केला बोकडाच्या मांसाचा. प्लेगचा जंतू हवेलगत जोमाने वाढतो, पण पातळ रश्श्यावर त्याला टेकू नसतो. हाफकिननी वर तुपाचे थेंब तरंगत सोडले.

मग चंबूला धक्का लागू द्यायचा नाही. काही दिवसांत तुपाच्या बुडाला पांढुरके धागे फुटतात आणि गुहेच्या छताला लवणस्तंभ लोंबावेत तसे रश्श्यात उतरतात. चंबू जरा हलवला की धागे तुटून भुरभुरत तळाशी बसतात आणि तुपाखाली नवं पीक धरतं. अशा पिकाची लस १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिननी आधी स्वतःला टोचून घेतली.

लसीसाठीची ही युक्ती निदानाच्याही कामी आली. गाठीतला जंतू रक्तात उतरला की रोगी हाताबाहेर जाई. अशा रोग्याच्या रक्ताचा थेंब काचेवर रंगवला तर प्लेगचा जंतू दोन्ही टोकांना गडद आणि मध्ये फिका दिसतो, सेफ्टी पिनेसारखा. पण नुसत्या रूपावरून खात्री देता येत नाही, तो वाढतो कसा हेही पाहावं लागतं. तुपाच्या रश्श्यात वाढवला की तुपाखाली लोंबणं ही त्याची ठळक खूण ठरली.

१८९९मध्ये हाफकिनची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसात गेली. १९२५पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात. निदानासाठी आता रक्ताची बाटली यंत्रात ठेवतात आणि आत जंतू वाढतोय हे यंत्रच कळवतं. प्लेगची खात्री करायला पीसीआर ही जनुकीय चाचणी आहे. तुपासाठी कुणी थांबत नाही. पण धड्यातला शब्द अजून तोच आहे: घी ब्रॉथ.