कालस्पंदांचा कोलाहल : शमन की विखुरण?

अंकीय यंत्रांच्या इतिहासात गतीचे गुणगान पुष्कळ झाले आहे. त्या गतीबरोबर जो कोलाहल जन्मास आला त्याची नोंद मात्र तुरळकच आढळते. यंत्रातील सर्व क्रिया ज्या स्पंदमालिकेच्या तालावर चालतात तिला ‘क्लॉक’ म्हणतात. येथे तिला कालस्पंद म्हटले आहे. हा स्पंद चौकोनी असतो. फूर्ये याच्या १८२२ मधील ग्रंथातील विवेचनानुसार असा आवर्ती स्पंद म्हणजे मूळ कंप्रता व तिच्या पटीतील अनेक कंप्रता यांची बेरीज होय. स्पंदाची चढण जितकी तीव्र तितकी वरच्या पटींतील शक्ती अधिक. आणि मंडलातील तारा नकळत एरियलचे काम करू लागतात.

आरंभी या गोष्टीचे कौतुकच झाले. १९७५ साली अमेरिकेत स्टीव्ह डॉम्पियर याने आल्टेअर ८८०० या गणकयंत्राशेजारी रेडिओ ठेवून त्यावर गाणे वाजवून दाखविले; यंत्रातून निसटणारे स्पंद हेच त्याचे वाद्य. पुढे घरोघरी गणकयंत्रे आली, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर रेघा उमटू लागल्या, आणि १९७९ साली तेथील फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने या उत्सर्जनास मर्यादा घातली. उत्पादकांनी धातूची आवरणे वापरली, तारांची वेटोळी आखूड केली, स्पंदांची चढण सौम्य केली. हे खरे शमन होय.

१९९४ साली लेक्समार्क कंपनीच्या हार्डिन, फेस्लर व बुश यांनी निराळा मार्ग मांडला. कालस्पंदाची कंप्रता स्थिर न ठेवता ती किंचित, समजा अर्धा टक्का, सतत खालीवर हलवावयाची. एका रेषेत साठलेली शक्ती त्यामुळे पट्ट्यात पसरते आणि मोजणीतील शिखर खाली येते. ३० ते १००० मेगाहर्ट्झ या टापूतील प्रमाणित मोजणी १२० किलोहर्ट्झ रुंदीच्या ग्राहकाने होते. त्याच्या वाट्यास पसरलेल्या शक्तीचा अंशच येतो. नांदेड केंद्र ऐकणाऱ्या उमरीच्या श्रोत्यासही बहुधा याचा लाभच होईल, कारण त्याचा रेडिओही अरुंद पट्टाच ग्रहण करतो. परंतु एकूण उत्सर्जित शक्ती रेसभरही घटत नाही. तेव्हा या उपायास शमन म्हणणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. तो विखुरण्याचा उपाय आहे.

हा भेद केवळ शब्दांचा नव्हे, हे पुणे जिल्ह्यातील खोडद येथे ध्यानात येते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या वतीने गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली तेथे उभारलेल्या ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’मध्ये ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. रेडिओ कोलाहल कमी म्हणून ही जागा निवडली. पण तबकड्यांचे संकेत एकत्र करणारे यंत्र स्वतःच अंकीय! ३२ मेगाहर्ट्झचा कालस्पंद घेतला तर त्याची पाचवी पट १६०, दहावी ३२० व एकोणिसावी ६०८ मेगाहर्ट्झ येते. म्हणजे १५०, ३२५ व ६१० मेगाहर्ट्झ या निरीक्षण-पट्ट्यांतच त्या उतरतात.

आता हिशेब पाहावा. दूरदर्शकाच्या मूळ रचनेत १६ मेगाहर्ट्झचा पट्टा १२८ भागांत विभागलेला होता. प्रत्येक भाग १२५ किलोहर्ट्झचा. स्थिर कालस्पंदाची रेषा एका भागात पडते. तो भाग टाकून दिला की काम भागते. तीच रेषा अर्ध्या टक्क्याने विखुरली तर ३२० मेगाहर्ट्झपाशी ती १.६ मेगाहर्ट्झ व्यापते, म्हणजे सुमारे तेरा भाग दूषित होतात, आणि तेही इतक्या मंदपणे की दोष ओळखणेच कठीण.

घरगुती यंत्रांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा २३० ते १००० मेगाहर्ट्झच्या टापूत १० मीटर अंतरावर सुमारे ७० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर अशी रूढ झाली. ही मर्यादा जेमतेम पाळणारे यंत्र एक किलोमीटरवर मोकळ्या जागी ठेविले, तर १२० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात त्याची तीव्रता दहा लक्ष जान्स्कीच्या घरात जाते. खोडदचे अभ्यासविषय सहस्रांश जान्स्कीचे आणि त्याहूनही क्षीण असतात. तबकडीचे तोंड आकाशाकडे असल्याने यातील अल्पांशच आत शिरतो, हे खरे. तरी तफावत प्रचंड आहे. यास्तव खोडद येथे संकेत-संयोजक यंत्र धातूने वेढलेल्या कक्षात बसविले, आणि तबकड्यांपासून तेथवर संकेत आणण्यास प्रकाशतंतू योजले. हे तंतू रेडिओलहरी बाहेर टाकीत नाहीत आणि ग्रहणही करीत नाहीत.