पोचते ते सारेच लागते का? पवईतील एका संशोधनाची गोष्ट

१/ जुन्या प्रोग्रॅममध्ये कोणीही न वापरणारा कोड साचत जातो. ठेवावा तर पुढच्यांना तो वाचत बसावे लागते. चुकून हवा तो काढला तर प्रोग्रॅमच कोसळतो. मग टाकाऊ काय, हे ठरवायचे कसे?

२/ १९६० साली जॉन मॅकार्थी यांनी ‘लिस्प’ भाषेवरील शोधनिबंधात स्मृतीपुरता मार्ग दाखवला: हाती असलेल्या दुव्यांपासून निघावे, जिथे पोचता येईल तिथे खूण करावी, बिनखुणेचे ते टाकाऊ. निकामी कोड शोधणारी साधनेही ‘मेन’पासून अशीच निघतात.

३/ पनवेल जंक्शनवरून दिवा, कर्जत, रोहा अशा सर्व मार्गांनी जावे आणि रूळ न पोचणारे स्थानक बंद समजावे, तसा हा न्याय. परंतु रूळ पोचूनही जिथे गाडी थांबत नाही, त्या स्थानकाचे काय?

४/ २०१४ मध्ये पवईच्या आयआयटीतील अमिताभ सन्याल, तसेच अमेय करकरे, अ‍ॅलन मायक्रॉफ्ट आदींनी हाच प्रश्न फंक्शनल भाषांसाठी हाताळला. पोचण्याजोगी माहिती पुढे वापरली जाईल का, याचे विश्लेषण आधीच करून स्मृती मोकळी करायची, ही त्यांची पद्धत.

५/ २०१९ मध्ये सन्याल, करकरे आणि सहकाऱ्यांनी तो विचार कोडला लावला: उत्तराचा हवा तेवढा भाग सांगावा, त्याला हातभार न लावणारा कोड वगळावा.

६/ शुद्ध फंक्शन उत्तर देण्यापलीकडे काहीच बदलत नाही. म्हणून ज्याचे उत्तर कोणालाच नको, ते फंक्शन निर्धास्तपणे काढता येते.