घाव की अपघात?

कामावर असताना यंत्रात हात सापडला, तर त्यास अपघात म्हणावयास कोणाची हरकत नसते. परंतु तोच हात एखाद्या संतप्त गिऱ्हाइकाने मोडला तर? घाव घालणाऱ्याने तो जाणूनबुजून घातलेला असतो. मग भरपाईच्या कायद्याने त्यास अपघात कसे म्हणावे?

१९१० साली इंग्लंडमधील न्यायालयापुढे हाच पेच आला. खाणीतील मजुरांचा पगार घेऊन न्यूकॅसलहून आगगाडीने निघालेल्या रोखपालाचा डब्यातच खून झाला व रक्कम लुटली गेली. विधवेने भरपाई मागितली, तेव्हा खून हेतुपुरस्सर होतो, सबब तो अपघात नव्हे, असा बचाव झाला. न्यायालयाने पाहण्याची बाजूच बदलली. मारणाऱ्याच्या दृष्टीने तो गुन्हा खरा. मरणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ती अकल्पित आपत्तीच, आणि पैसा बाळगण्याच्या कामातच तो धोका दडलेला. आयर्लंडमधील ट्रिम येथे औद्योगिक शाळेतील मुलांनी कट करून आपल्या शिक्षकास ठार मारले, तेव्हाही १९१४ साली उमराव सभेने हेच मत ग्राह्य धरले. अर्थात चार विरुद्ध तीन अशा निसटत्या बहुमताने.

आपल्याकडील १९२३ च्या कायद्याने ‘कामातून व कामाच्या ओघात उद्भवलेला अपघात’ ही इंग्रजी कायद्याचीच शब्दयोजना घेतली. त्यात अनेक ठिकाणी कारकुनी काम मात्र वगळलेले होते. खिडकीमागे बसणाऱ्यास कसला आला धोका, अशीच त्या काळची समजूत असावी! ही अट २०१० पासून गेली.

नागालँडमधील दिमापूर येथे १९९५ च्या मार्चमध्ये काही अनोळखी उतारूंनी एक रिक्षा भाड्याने घेतली. दुसऱ्या दिवशी चालकाचा मृतदेह सापडला. रिक्षा कधीच सापडली नाही. विमा कंपनीने हरवलेल्या रिक्षेचे पैसे मालकास दिले. चालकाच्या मृत्यूची भरपाई मात्र नाकारली, कारण तो खून होता, अपघात नव्हे! न्यायाधिकरणाने वारसांना भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच दोन जुन्या निकालांचा आधार घेऊन ती पुन्हा मिळवून दिली.

न्यायालयाने कसोटी घातली ती हेतूची. मूळ हेतू चोरीचा असून त्या ओघात माणूस मारला गेला, तर तो अपघात. त्या माणसास मारणे हाच हेतू असेल, तर तो निव्वळ खून. रोखपाल व रिक्षाचालक या कसोटीस सहज उतरतात. सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरवर हात उगारणाऱ्यास चोरी करावयाची नसते. त्यास मारावयाचेच असते.