पॉलिपेडिलम व्हँडरप्लँकी

द्विपंखी गणातील कायरोनॉमिडी कुलात मोडणारी, न चावणाऱ्या चिलटाची एक आफ्रिकी जाती. हिची अळी वाळून कोरडीठाक होते, वर्षानुवर्षे तशीच पडून राहते आणि पाणी मिळाले की तासाभरात वळवळू लागते. कीटकांत ही क्षमता अगदी विरळा आहे. इंग्रजीत या जातीला ‘स्लीपिंग कायरोनोमिड’ म्हणतात. ब्रिस्टल विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञ हॉवर्ड एव्हरेस्ट हिंटन यांनी १९५१ मध्ये तिचे प्रथम वर्णन केले.

शरीररचना : प्रौढ चिलट दिसायला डासासारखे असते, पण त्याला टोचणारी सोंड नसते आणि पंखांवर खवलेही नसतात. बसताना डास मागचे पाय उचलतो, तर या कुलातली चिलटे बहुधा पुढचे पाय वर धरतात. नराच्या शृंगिका पिसांसारख्या झुपकेदार असतात. प्रौढाचे आयुष्य थोड्याच दिवसांचे असते. अळी मात्र नीट पाहण्याजोगी आहे. ती सडपातळ, दंडाकार असून पूर्ण वाढल्यावर सुमारे ७ मिमी. लांब भरते. कठीण डोके, वक्षाचे तीन खंड, त्यामागे उदराचे खंड आणि पुढे-मागे आखूड पादसदृश उंचवट्यांची एकेक जोडी, अशी तिची ठेवण असते. रक्तद्रवात हीमोग्लोबिन असल्याने ती लाल दिसते. मत्स्यालयांसाठी विकल्या जाणाऱ्या लाल अळ्या याच कुलातल्या होत.

अधिवास : उघड्या कातळावरचे उथळ खळगे हे हिचे घर. कोकणातल्या सड्यांवर पावसाळ्यात साचणारी डबकी डोळ्यांपुढे आणली की कल्पना येईल. पावसाची उघडीप झाली की हे खळगे आटतात, सर आली की भरतात, आणि कोरड्या ऋतूत महिनोन्‌महिने रिकामे राहतात. तळाच्या गाळात अळी लाळेने मातीचे कण जोडून नळीसारखे घरटे बांधते आणि कुजका कचरा व सूक्ष्मजीव यांवर जगते.

निर्जल सुप्तावस्था : या जातीचे सगळे यश सावकाश वाळण्यात आहे. अळीला झटपट सुकवले तर ती मरते; सुमारे ४८ तास घेऊन सुकू दिले तर तगते. मातीची नळी ओल धरून ठेवते आणि हा अवधी मिळवून देते. पाणी आटू लागले की अळीच्या शरीरातील आयनांची तीव्रता वाढते, आणि तोच तयारीचा इशारा ठरतो. साठवलेल्या ग्लायकोजेनपासून ट्रेहॅलोज ही शर्करा बनू लागते व कोरड्या वजनाच्या जवळजवळ पाचव्या हिश्शापर्यंत पोहोचते. वनस्पतींच्या बियांत आढळणाऱ्या एलईए प्रथिनांसारखी प्रथिनेही तयार होतात. पाण्याची जागा घेणारी ही शर्करा शेवटी काचेसारखी घट्ट होऊन पेशींची रचना जपते. त्या वेळी शरीरात जेमतेम ३ टक्के पाणी उरते आणि चयापचय थांबतो. यात मेंदूचा हात नसतो : मेंदू काढून टाकलेल्या अळ्याही वाळून पुन्हा सचेतन झाल्याचे जपानी संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले.

कोरड्या अळ्या १७ वर्षांनी जाग्या झाल्याची नोंद आहे. १०२–१०४° से. तापमानात मिनिटभर आणि द्रवरूप हेलियमच्या -२७०° से. थंडीत पाच मिनिटे ठेवूनही त्या जगल्या. तरीही हा प्रकार फुकटात होत नाही. वाळताना डीएनएचे तुकडे पडतात आणि भिजल्यानंतर त्यांची दुरुस्ती कित्येक दिवस चालते. ही सारी करामत फक्त अळीलाच साधते. अंडी, कोश व प्रौढ कोरडेपणात टिकत नाहीत. २०१४ मध्ये हिचा जीनोम प्रसिद्ध झाला. त्यात तुलनेसाठी घेतलेली पॉलिपेडिलम न्यूबिफर ही याच प्रजातीतील जाती वाळवली असता मरते.

प्रसार : आफ्रिकेचा निमशुष्क प्रदेश, विशेषतः नायजेरियाचा उत्तर भाग. मलावीतील अशाच अळ्या पूर्वी याच जातीत धरल्या जात. २०१७ मध्ये त्यांना पॉलिपेडिलम पेम्बाई या स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला. त्यामुळे जुन्या लेखनात मलावीचा उल्लेख आढळल्यास तो या दुसऱ्या जातीचा समजावा.