कोरलेले आणि मुरलेले

तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंती तमिळ शिलालेखांनी भरलेल्या आहेत. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास हे मंदिर पूर्ण केले आणि कोणी किती दान दिले, कोणत्या दिव्याला किती तूप लागेल, याचा हिशेब दगडावर लिहून ठेवला. त्याच आवारात पुढे एक भलामोठा मराठी लेख कोरला गेला. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली तो कोरवून घेतला. त्यात भोसले घराण्याची कुळकथा आहे. महाराष्ट्रातून गेलेला प्रवासी एकेक अक्षर लावत तो वाचू लागतो आणि हरखतो. गावातली माणसे मात्र त्याच्याजवळून रोज न वाचता जातात.

लेखाचे साल लक्षात घेण्यासारखे आहे. १७९९ च्या तहाने सरफोजींनी राज्यकारभार कंपनीच्या हवाली केला होता. त्यांच्याकडे किल्ला, तनखा आणि राजा ही पदवी एवढेच उरले होते. म्हणजे आम्ही कोण, कुठून आलो, हे दगडावर लिहिण्याची वेळ सत्ता हातची गेल्यावर आली. परमुलखात स्थिरावलेल्या माणसांचा इतिहास वाचताना मला हा लेख नेहमी आठवतो. मागे काय राहावे हे आलेली माणसे ठरवतात, पण खरोखर काय राहते ते यजमान ठरवतात. तंजावूरच्या मराठी माणसांची साडेतीनशे वर्षे या दोहोंमध्ये गेली आहेत.

हे लोक पोटासाठी वाट तुडवत आलेले नव्हते, हे आधी सांगितले पाहिजे. १६७३ साली मदुरेच्या नायकाने तंजावूरच्या नायकांचा पराभव केला. गादीवर जुन्या घराण्याचा वारस बसवण्यासाठी विजापूरने फौज धाडली. तिचा सरदार होता शहाजीराजांचा मुलगा आणि शिवाजीमहाराजांचा सावत्र भाऊ व्यंकोजी. वारस बसला खरा, पण थोड्याच काळात व्यंकोजी स्वतःच गादीवर बसले. त्यांच्यामागून सैनिक, कारकून, भटजी, गोसावी, कीर्तनकार अशी माणसे आपापल्या कुटुंबकबिल्यासह कावेरीकाठी आली. समर्थ रामदासांच्या शिष्यांचे मठ उभे राहिले. कावेरीच्या भातशेतीवर एक नवा दरबार पोसला जाऊ लागला आणि त्याचा भार अर्थातच तमिळ कुळांवर पडला. सत्ता घेऊन येणाऱ्याचे बस्तान बसवणे आणि हात जोडून येणाऱ्याचे बस्तान बसणे यांत फरक असतोच.

तरीही, सत्ता हाती असताना या घराण्याने भाषेचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. आधीच्या नायकांची दरबारी भाषा तेलुगू होती. तमिळ मुलखात तीही बाहेरूनच आलेली. मराठी राजांनी ती हटवली नाही. व्यंकोजींचे पुत्र शहाजी (कारकीर्द १६८४ ते १७१२) यांनी तिरुवारूरच्या त्यागेशावर तेलुगूत ‘पल्लकी सेवा प्रबंधमु’ लिहिले. तुळजापूरच्या भवानीला कुलदेवता मानणाऱ्या घरातला राजा तमिळ गावातल्या शिवासाठी तेलुगूत पालखीची पदे रचत होता. त्यांच्या ‘पंचभाषाविलास’ नाटकात पात्रे संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा बोलतात. तेलुगू यक्षगानाच्या घाटावर त्यांनी ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठी नाटकही रचले.

मराठी रंगभूमीचा इतिहास आपण १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांपासून सुरू करतो. तंजावूरची नाटके त्याच्या दीडशे वर्षे आधीची. त्यांचा उल्लेख करायचा झाला तर तळटीपेत, किंवा ‘पहिले कोण’ या वादात. पण खरा प्रश्न पहिले कोण हा नाहीच. ही नाटके मराठी आहेत, पण त्यांचा सांगाडा तेलुगू आहे आणि प्रेक्षक तमिळ मुलखातले. एकाच भाषेच्या इतिहासात ती मावत नाहीत, म्हणून ती बाहेर राहिली. परमुलखात गेलेल्या साहित्याचे बहुधा असेच होते: तिथले लोक त्याला पाहुणे म्हणतात आणि मूळ घरचे त्याला परके समजतात.

माझ्या अनुवादाच्या कामात मला सर्वांत जवळची वाटते ती सरफोजींची ‘देवेंद्र कुरवंजी’. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात डोंगरात राहणारी कुरत्ती नायिकेचा हात पाहून भविष्य सांगते आणि सांगता सांगता आपल्या डोंगरांची, नद्यांची वर्णने गाते. सरफोजी ख्रिस्ती मिशनरी श्वार्ट्‌झ यांच्या देखरेखीखाली वाढले आणि युरोपीय विद्या शिकले. त्यांनी या कुरत्तीच्या तोंडी साऱ्या पृथ्वीचा भूगोल घातला, आणि तोही मराठीत. साचा तमिळ, भाषा मराठी, ज्ञान युरोपचे. तिन्हींपैकी काहीही एकट्याने पुरले नसते. नाचासाठी त्यांनी रचलेल्या मराठी पदांच्या संग्रहाचे नाव ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’. ‘कोर्वे’ हा तमिळ ‘कोर्वै’चा मराठी अवतार. कोर्वै म्हणजे गुंफण. त्याला मराठी विभक्ती लागली आणि शेजारी फारसी-अरबीतून आलेला ‘जिन्नस’ येऊन बसला. तीन शब्दांचे हे नाव म्हणजे या घराण्याच्या स्थलांतराचा नकाशाच आहे. त्यांच्याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी आजच्या भरतनाट्यमच्या मैफलीचा क्रम बांधला.

१८०५ साली राजवाड्यात देवनागरी छापखाना सुरू झाला. इसापनीतीचे मराठी रूप ‘बालबोध मुक्तावली’ इथलेच. ग्रीक गोष्टी इंग्रजीवाटे मराठीत आल्या आणि छापल्या गेल्या कावेरीकाठी.

१८५५ साली सरफोजींचे पुत्र शिवाजी वारल्यावर, पुरुष वारस नाही म्हणून कंपनीने राज्यच संपवले. तंजावूरच्या मराठी माणसांचे खरे स्थलांतर तेव्हा सुरू झाले असे मला वाटते. तोवर ते राज्यकर्ते होते, आता नुसतेच अल्पसंख्य झाले. कारकुनी करणारी देशस्थ घरे इंग्रजी शाळांकडे वळली. कुंभकोणमला १८२८ साली जन्मलेले टी. माधवराव त्रावणकोरचे, मग इंदूरचे आणि १८७५ पासून बडोद्याचे दिवाण झाले. पूर्वज ज्या मुलखातून दक्षिणेत उतरले, त्याच्याच भाषेच्या दरबारांत हा नातू परतला, पण मद्रासचे शिक्षण घेऊन. सरदार घराण्यांतल्या पुष्कळांची जमीन आणि चाकरी गेली. तमिळ शेजारी देशस्थांना ‘रायर’ म्हणू लागले. ‘राव’चे ते तमिळ बहुवचन. आदर आणि वेगळेपण दोन्ही त्या एका शब्दात आहे.

आणि याच काळात, कोणी न ठरवता, मराठी गोष्टी तमिळ होत गेल्या. मराठी कीर्तनकारांचे ऐकून तंजावूर कृष्ण भागवतरांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्ते तमिळ कथाकारांच्या तोंडी बसली. लावणीही तमिळ झाली. तंजावूर परिसरात कामदहनाच्या सणाला दोन पक्ष समोरासमोर बसतात. मदन जळाला असे एक पक्ष म्हणतो, जळाला नाही असे दुसरा, आणि गाण्यातून रात्रभर वाद चालतो. त्या प्रकाराला तमिळमध्ये लावणीच म्हणतात. आपल्या कलगी-तुऱ्याचा सवाल-जवाब ज्याने ऐकला आहे त्याला हे नाते सांगावे लागत नाही. खाण्यातही तेच. तमिळ घरात ‘पोळी’ म्हणजे पुरणपोळी, आणि कोशिंबिरीची झाली कोसुमल्ली. सांबाराला संभाजीराजांचे नाव मिळाल्याची दंतकथा आपण हौसेने सांगतो, पण तिच्यात आपला मोठेपणा मिरवायचा असतो. पोळी असे काही मिरवत नाही. ती करणाऱ्या तमिळ बाईला ती मराठी आहे हे माहीतही नसते, आणि म्हणूनच ती टिकली.

कागदांचे तसे झाले नाही. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदांचे रुमाल आहेत. मोडी वाचणारे थोडेच उरले आहेत. त्या कागदांतला काही भाग तमिळ विद्यापीठाने तमिळमध्ये उतरवला. म्हणजे तंजावूरच्या मराठी राज्याचा जमाखर्च, अन्नछत्रे, नाटकशाळा यांची हकिकत आज तमिळ वाचकाला मराठी वाचकापेक्षा अधिक सहज मिळते.

घरात मात्र मराठी अजून बोलली जाते. तिच्यात जुने शब्द आहेत, तमिळ शब्द आहेत, तमिळ हेल आहे. बहुतेकांना देवनागरी वाचता येत नाही, अभंग ते तमिळ लिपीतून वाचतात. पुण्यामुंबईचा माणूस ही मराठी ऐकून आधी गहिवरतो आणि मग ती सुधारू लागतो. सुधारताना त्याच्या लक्षात येत नाही की साडेतीनशे वर्षे शाळेविना, वर्तमानपत्राविना ही भाषा जगवणाऱ्यांना तो शुद्धलेखन शिकवतो आहे.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध मोहीम उभी राहिली. माटुंग्यात, धारावीत दोन-तीन पिढ्या काढलेल्या तमिळ माणसाला आजही विचारले जाते, की तू मराठी कधी होणार? त्यात त्याने रस्त्यावर, कचेरीत मराठी बोलावे एवढीच अपेक्षा असेल तर ती गैर नाही. तंजावूरचे रायरही बाहेर तमिळच बोलतात. पण घरातही मराठी झाल्याशिवाय तू इथला नव्हेस, असे कोणी म्हणू लागले तर त्याने तंजावूरकडे पाहावे. तिथल्या मराठी घराचा आपल्याला अभिमान वाटतो तो नेमका ते घरात तमिळ झाले नाही म्हणून. त्या अभिमानाचे माप धारावीतल्या घरालाही लावले पाहिजे. तिथल्या चुलीवर शिजणाऱ्या कशाला तरी आपण एक दिवस आपलेच नाव देऊ, आणि ते कुठून आले हे विसरूनही जाऊ.